मोजून घेतलेलं पाकीट

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून धोबी तलावाला चालत जायला दहा-बारा मिनिटं पुरतात. आमची चाळ ठाकूरद्वारची. केळेवाडीतला साहित्य संघ हा आम्हाला जगाचा मध्य वाटायचा, आणि त्याच्या दक्षिणेला मेट्रो सिनेमापर्यंतचा मुलूख बसच्या खिडकीतून बघण्यापुरता. तिथे गोवेकर राहतात, रविवारी सुटाबुटात चर्चला जातात, एवढंच ज्ञान. चाळीत त्यांना ‘मकापाव’ म्हणत आणि म्हणताना कुणाला काही वाटत नसे. विसर्जनाला मात्र हीच चाळ ‘अलबेला’च्या गाण्यांवर भगवानदादांची स्टेप करत चौपाटीपर्यंत जायची. त्या गाण्यांतला ट्रम्पेट आपल्या शेजारच्या वस्तीचा आहे, हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं.

मला ते सांगितलं एका म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्यानं. त्यांचं नाव लिहीत नाही. ‘माझं एकट्याचं नाव घालायचं तर घालूच नको,’ असं त्यांनीच बजावलं होतं, आणि ज्या यादीसोबत ते घालायला हवं ती यादी इथे मावणार नाही. सगळे त्यांना अंकल म्हणत, मीही म्हणायची.

त्या काळात आम्ही काही जण मिळून एक प्रयोग बसवत होतो. गिरगावातलं एक जुनं दुमजली घर काही महिन्यांसाठी मिळालं होतं. प्रेक्षकांनी खुर्चीत बसायचं नाही, घरभर फिरायचं. एका खोलीत हॉटेलचा डान्स फ्लोअर, दुसरीत एका गावच्या गोवेकरांनी मिळून राहायचा कूड, तिसरीत सिनेमाच्या गाण्याचं रेकॉर्डिंग, मागच्या बोळात आंटीचा गुत्ता. काळ दारूबंदी नवीनच लागू झालेल्या मुंबईचा. कुणी कुठल्या खोलीत किती वेळ थांबायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. नाटकवाल्यांत कुजबूज झाली की हे सगळं न्यूयॉर्कहून आणलेलं फॅड आहे. मला तो आक्षेप कधीच पटला नाही. बैठकीच्या लावणीत ऐकणारा आणि गाणारी यांच्यात अंतर किती असतं? दादरला छबिलदासच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेतल्या माणसाच्या चपलेवर नटाचा पाय पडायचा. आपल्याकडे कमानी रंगमंच हाच बाहेरून आलेला पाहुणा आहे.

आमची अडचण निराळी होती. संहिता होती, जुन्या फोटोंवरून शिवलेले कपडे होते, रेकॉर्डही जमवल्या होत्या. लिऑन ॲबी या अमेरिकी वादकाचा कृष्णवर्णीयांचा बँड 1935 साली ताजमहाल हॉटेलात आला, पुढे क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले आणि गोव्याच्या पोरांनी त्यांच्याकडून स्विंग उचलला, हा इतिहास आम्ही नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये वाचला होता. पण तालमीत सगळं लाकडी होई. नट प्रेक्षकाच्या अंगावर जाऊन बोलत, प्रेक्षक म्हणून आणलेली मित्रमंडळी भिंतीला पाठ लावून उभी राहत. आमचा ड्रमवाला पोरगा म्हणाला, ‘ताई, कावेलात एक अंकल आहेत. हॉटेलात वाजवायचे, सिनेमात पण. त्यांना आणू?’

अंकल आले ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. वय ऐंशीच्या घरात. हातात ट्रम्पेटची केस नव्हती. माउथपीस तेवढा शर्टाच्या खिशात होता. तो ते सवयीनं अंगाशी ठेवत, थंड धातू ओठाला लावू नये म्हणून. बसल्यावर पहिला प्रश्न विचारला, ‘नाइट किती?’

आमच्या नाटकधंद्यातलाच शब्द, एका वेळचं मानधन. मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. ‘रोजचे रोज. उद्यावर ठेवायचे नाहीत. आणि बाय, पाकीट चिकटवायचं नाही.’

त्या दिवशी तालीम संपल्यावर त्यांनी पाकीट उघडून आमच्यासमोर नोटा मोजल्या. आपल्याकडे असं समोर मोजणं वाईट दिसतं. पाकीट घ्यायचं, कपाळाला लावायचं, खिशात घालायचं, घरी जाऊन कमी भरलं तर बायकोपाशी बोलायचं. अंकल अंगठ्याला थुंकी लावून मोजत. शिफ्टमध्ये पन्नास-पन्नास वादक असायचे, म्हणाले, टेक संपला की रांग लागायची, आणि मोजलं नाही तर तक्रारीला जागा राहत नसे. मग हसून म्हणाले, ‘मोजून घेतलं की तू पण मोकळी, मी पण मोकळा.’

ते मोकळे झाले. माझं तसं झालं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली तालीम त्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघितली. डान्स फ्लोअरच्या खोलीत वेटरचं काम करणारा आमचा गुणी नट प्रेक्षकाच्या कानाशी जाऊन खणखणीत आवाजात बोलत होता. अंकलनी आमच्या पोराच्या हातातला ट्रम्पेट मागून घेतला, खिशातला माउथपीस बसवला आणि एक चार-मात्रांची ओळ मोठ्यानं वाजवली. खोलीतली माणसं दचकून मागे सरकली. मग ट्रम्पेटच्या तोंडात म्यूट कोंबून तीच ओळ वाजवली. आवाज असा बारीक झाला की बोळातल्या नळाचं पाणी ऐकू यायला लागलं. माणसं पुढे आली. कुणी सांगितलं नाही, कुणी खुणावलं नाही. दोन-दोन पावलं पुढे आली.

‘बघितलंस?’ वेटरला म्हणाले, ‘तू त्याच्याकडे जाऊ नको. तो येतो.’

दिग्दर्शनाची म्हणून जी काही पुस्तकं मी वाचली त्यांत हे असं उघडं करून दाखवलेलं मला सापडलं नव्हतं. हॉटेलातल्या बँडला लोक ऐकायला येत नसत. लोक जेवत, भांडत, सौदे करत, प्रेमात पडत, आणि त्या गलबल्याच्या बरोब्बर एक बोट खाली वाजवत राहायचं, ही त्यांची नोकरी. प्रेक्षक चारी बाजूंनी असतो आणि त्याचं लक्ष नसतं, या गोष्टीची आम्ही धास्ती घेतली होती. अंकलनी त्या गोष्टीवर जन्म काढला होता.

दुसरी विद्या पायांची. ‘फ्लोअरवरचं सगळ्यात म्हातारं जोडपं शोध,’ ते म्हणत, ‘त्यांचे पाय बघ. ते जमवून घेत असतील तर टेम्पो बरोबर. जवान लोक कशावरही नाचतात.’ फॉक्सट्रॉट लांबला आणि म्हाताऱ्याची टाच घासायला लागली की बँडलीडर नुसत्या भुवईनं वॉल्ट्झवर येई. आमच्या नटांना त्यांनी प्रेक्षकांच्या चेहऱ्याकडे बघायची बंदी केली. चेहरा खोटं बोलतो, म्हणे. माणूस कंटाळला तरी हसतो, पण त्याचे पाय दाराकडे वळलेले असतात. खरोखर, प्रयोग सुरू झाल्यावर कुठल्या खोलीतला प्रवेश ताणायचा आणि कुठला आटोपता घ्यायचा हे आम्ही पायांवरून ठरवू लागलो. नाटकाची लांबी रोज वेगळी. प्रकाशयोजना करणारा वैतागला, पण शिकला.

आमच्या मुख्य नटाला ट्रम्पेट येत नव्हता. त्याला खोटं वाजवायला अंकलनीच शिकवलं. गाल फुगवायचे नाहीत, नवशिका फुगवतो. बोटं सपाट न ठेवता किंचित वाकडी, पिस्टनच्या टोकावर. आणि दर थोड्या वेळानं खालची चावी दाबून, फुंकर मारून, नळीत साठलेलं पाणी जमिनीवर सोडायचं. ‘हे केलंस की कुणाची शंका राहत नाही.’ खरंच राहिली नाही. कित्येकांनी त्याला नंतर विचारलं, कुठे शिकलात? लोहार चाळीतून त्यांनी मोरी तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप आणायला लावला, दांडा काढून टाकला आणि ती रबरी वाटी ट्रम्पेटच्या तोंडापुढे उघडझाप करून माणसाच्या आवाजात कुरकुर काढून दाखवली. खोलीतली पोरं वेडी झाली. पोरांनी पुन्हा पुन्हा करायला लावलं, पण त्यांनी एकदाच केलं. दम पुरत नव्हता, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तालमीनंतर जेर महालच्या खाली कयानीत चहा. तिथे ते बोलायचे, मराठी आणि कोंकणी एकमेकांत मिसळून, मध्येच इंग्रजी. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रानं छडी मारून सोल्फेज शिकवलं. नोटेशन आधी, अक्षरं मागाहून. सतराव्या वर्षी बोटीनं मुंबईला आले ते सरळ गावच्या कुडात. भिंतीला लागून पेट्यांच्या चळती, प्रत्येकाची पेटी हाच त्याचा पत्ता. आल्तारासमोर रोज संध्याकाळी तेर्सची प्रार्थना म्हणायला हजर राहावंच लागे. कुडातली निम्मी माणसं आगबोटीवरची, काही आचारी, काही वाजवणारी. शिट्टी झाली की खलाशी जात, मग खोलीत जागा व्हायची.

चिक चॉकलेट त्यांचं दैवत. आल्दोन्याचा अंतोनियो शाव्हियर वाझ, लुई आर्मस्ट्राँगचा इतका भक्त की त्याच्यासारखा घाम पुसायचा रुमालही धरायचा. ‘अलबेला’च्या पडद्यावर तो आणि त्याचा बँड झालरीचे शर्ट घालून दिसतो. त्याला तिथे आणलं सी. रामचंद्रांनी. पुणतांब्याच्या चितळकरांना स्विंगचं वेड लागलं आणि ‘शहनाई’पासून ‘आशा’पर्यंत त्यांनी हिंदी सिनेमाला नाचायला लावलं, हे मराठी माणूस अभिमानानं सांगतो, सांगावंच. पण चाल पेटीवर बसवल्यावर ती पन्नास वाद्यांत वाटायची कुणी? आपल्याकडच्या गुणी वादकांचं सगळं तोंडी, गुरूच्या मांडीशी बसून शिकलेलं. कागद बघून पहिल्या झटक्यात वाजवणारी माणसं गोव्याच्या चर्चशाळांतून तयार झालेली होती. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनांसाठी, अँथनी गोन्साल्विस कितीतरी जणांसाठी रात्र रात्र बसून एकेका वाद्याचा कागद लिहीत. माजोर्ड्याच्या या अँथनी मास्तरांचे शिष्य प्यारेलाल, म्हणून तर ‘अमर अकबर अँथनी’तल्या अँथनीचं आडनाव गोन्साल्विस. एवढंच नाव लोकांच्या तोंडी राहिलं, आणि तेही एका विनोदी गाण्यामुळे.

अंकल यांतल्या कुणाच्या पंक्तीचे नव्हते. ते सेकंड ट्रम्पेट. लीड वाजवणारा वरचा सूर घेतो, त्याच्या खालचा सूर धरून ठेवणारा. ‘तो चुकला तर मला कळतं, मी चुकलो तर सगळ्यांना तो चुकला असं वाटतं,’ असं सांगून खूप हसले होते. 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला. गोरे साहेब आणि संस्थानिक आधीच निघालेले. हॉटेलांचे फ्लोअर ओस पडू लागले. अंकल मुंबईत आले ते या उतरत्या काळात. त्यांनी ऐन भराचा काळ बघितलाच नव्हता. मोठ्यांच्या तोंडून ऐकला आणि उरलेल्या शेवटच्या रांगेत उभं राहून वाजवला. दिवसा ताडदेवला सिनेमाची शिफ्ट, रात्री चर्चगेट स्ट्रीटवर कुठल्या तरी रेस्टॉरंटात. ट्रम्पेटवाला ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना त्याच रस्त्यावर गाजत होते. 1955पासून गोव्याची नाकेबंदी, रेल्वे बंद. वडील गेले तेव्हा ते जाऊ शकले नाहीत. कुडातल्या आल्तारासमोर गाववाल्यांनी मिळून प्रार्थना केली आणि संध्याकाळी अंकल कामावर गेले, कारण बदली माणूस मिळाला नाही. 1964 साली साक्षात आर्मस्ट्राँग मुंबईत वाजवून गेला. मी उत्साहानं विचारलं, ‘बघितलंत?’

‘शिफ्ट होती.’

त्यांची एकच मागणी होती आणि ती त्यांनी मानधनाच्या बोलणीत घातली नव्हती. प्रयोगाच्या दारात आम्ही प्रत्येक प्रेक्षकाला एक परमिट देणार होतो, त्या काळच्या दारूच्या परवान्याच्या धर्तीवर. धारकाला प्रकृतीच्या रक्षणासाठी मद्याची आवश्यकता आहे, अशा सरकारी भाषेतला मजकूर, खाली शिक्का. लोक हसायचे, फोटो काढायचे. छापायला टाकण्याआधी अंकलनी ते कार्ड उलटून बघितलं. ‘मागे कोरं ठेवणार?’ दुसऱ्या दिवशी वहीचे फाडलेले कागद घेऊन आले. निळ्या शाईत, चर्चशाळेतल्या वळणदार अक्षरात नावं. सेकंड ट्रम्पेट, थर्ड ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सेकंड आल्टो, बास. गाव कुठलं ते पुढे कंसात. रेकॉर्डवर गाणाऱ्याचं नाव असे, संगीतकाराचं असे, सिनेमाचं असे. वाजवणाऱ्यांचं कधीच नसे. ‘एका कार्डावर एक नाव घाल. प्रत्येक माणूस एक नाव घरी नेईल.’

छपाईवाल्यानं कपाळाला हात लावला. पाठीमागचा मजकूर कार्डागणिक बदलायचा म्हणजे खर्च वाढणार. आमच्यातल्या दोघांनी विरोधही केला: प्रेक्षकाला या नावांचा काय उपयोग? मी ते करून घेतलं, आणि नाट्यव्यवसायात मी जी भांडणं केली त्यांपैकी या एकाबद्दल मला अजून बरं वाटतं. पुढे एके रात्री प्रयोग संपल्यावर एक मध्यमवयीन बाई दाराशी आल्या. कार्डावरचं आडनाव आणि गाव त्यांच्या सासरचं होतं. नाव सासऱ्यांच्या भावाचं. ते वाजवायचे एवढं घरात माहीत होतं, कुठल्या गाण्यांत ते नाही. मी त्यांना अंकलपाशी नेलं. ते दोघं कूड मांडलेल्या खोलीत, आमच्या नेपथ्यातल्या पेट्यांवर बसून बोलत राहिले. आम्ही दिवे मालवायचे थांबलो. निघताना अंकलनी बाईंना म्हटलं, ‘देव बरें करूं,’ आणि माझ्याकडे वळून त्या दिवसाचं पाकीट मागितलं. मोजलं. रात्र झाली होती म्हणून मी टॅक्सीचे वेगळे द्यायला गेले तर परत केले: ठरलं नव्हतं.

त्यांनी प्रयोग बघितले ते मात्र नेहमी दरवाजाजवळ उभं राहून. डान्स फ्लोअरच्या खोलीत नाच रंगला की ते बोटांनी मांडीवर पिस्टन दाबत असत. आम्ही त्यांना एकदा तरी वाजवा म्हणून गळ घातली. म्हणाले, ‘म्हाताऱ्यानं वाजवलं की लोक टाळ्या वाजवतात. सूर कसा लागला ते कोण बघतो?’ मला हे उत्तर तेव्हा कडू वाटलं होतं. आता माझं वय त्या दिशेला सरकतंय आणि ते अगदी रोखठोक वाटतं.

घर मालकांनी परत मागितलं, प्रयोग थांबला. पुढच्या पावसाळ्यात अंकल गेले. सोनापूरच्या चर्चमध्ये मिस्साला गर्दी बेताची होती. आमच्या ड्रमवाल्या पोरानं आणि त्याच्या दोस्तांनी बाहेर वाजवायचं ठरवलं होतं, पण पाऊस इतका होता की वाद्यं गाडीतून काढताच आली नाहीत. अंकल असते तर म्हणाले असते, आलात ना, मग नाइट मागून घ्या.

मी नंतर पुन्हा मुख्य धारेच्या नाटकात आले. पडदा, विंगा, तिसरी घंटा, सगळं रीतसर. सध्याच्या नाटकात चार वादक प्रत्यक्ष बसतात: ढोलकी, पेटी, क्लॅरिनेट आणि तालवाद्यं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत या चौघांची नावं यावीत असा माझा आग्रह. निर्माते म्हणतात, ताई, जाहिरात सेंटिमीटरवर असते, एका ओळीचे किती होतात ठाऊक आहे? ठाऊक आहे. ती ओळ माझ्या मानधनातून वळती करा, असं मी त्यांना लिहून दिलं आहे. ते दर महिन्याला वळती करतात, हिशेबाचा कागद पाठवतात, आणि मी आकडे ताडून बघूनच त्यावर सही करते. मध्यंतरी एका रविवारी क्लॅरिनेटवाल्याचं नाव जाहिरातीतून गळलं होतं. त्या ओळीचे पैसे मी परत मागितले. त्यांनी दिले, पाकिटातून. न चिकटवलेल्या.